आणखी एक मजला चढवण्याआधी

घरात थोरल्या मुलाचा निकाह ठरला की दोन गोष्टींची बोलणी एकदमच सुरू होतात. एक वलीम्याची आणि दुसरी वरच्या स्लॅबची. खाली अब्बा-अम्मी, पहिल्या मजल्यावर थोरला, दुसऱ्यावर मधला. धाकट्याचे काय? उत्तर तयारच असते: "गच्ची आहे ना!" मग एखादा ओळखीचा मिस्त्री येतो, खांबातून वर ठेवलेल्या लोखंडी सळ्या दाखवतो, "अजून दोन मजले आरामात चढतील" म्हणतो आणि आठ दिवसांत वाळूची गाडी दारात उभी राहते.

अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील मुकुंदनगर, झेंडीगेट, कोठला, सर्जेपुरा अशा वस्त्यांतून फिरले की या निर्णयांची बेरीज डोळ्यांसमोर उभी राहते. दीड-दोन गुंठ्यांवर चार मजले, कुठे पाच. खाली दुकान, वर भाऊ-भाऊ आणि सर्वांत वर भाडेकरू किंवा फ्लॅट विकत घेतलेले एखादे कुटुंब. गल्ली मात्र बैठ्या घरांच्या काळात होती तेवढीच आहे. जे घर एका कुटुंबाचे होते ते आता बहुकुटुंब इमारत झाले आहे. फक्त कागदावर ते अजून बैठे घरच आहे.

इमारत किती उंच असावी, हा प्रश्न आपल्याला बिल्डरांचा आणि महापालिकेचा वाटतो. खरे तर तो आपल्या सुनेच्या खोलीत ऊन येते की नाही याचा, चौथ्या मजल्यावरच्या दादीच्या गुडघ्यांचा आणि आयुष्यभराच्या कमाईतून घेतलेल्या फ्लॅटच्या कागदांचाही प्रश्न आहे. म्हणून या अंकात आम्ही तो सविस्तर मांडत आहोत.

उंचीला मर्यादा कशासाठी?

पहिले कारण हवा आणि उजेड. दोन इमारतींमधली बोळ पाच फुटांची असेल आणि दोन्ही बाजूंना दोनच मजले असतील, तर तळमजल्यावर दुपारी तरी थोडा उजेड उतरतो. तीच बोळ चार-पाच मजल्यांत दबली की खालच्या घरात दिवसाही ट्यूब लावावी लागते. ओल वाळत नाही, भिंतींना बुरशी धरते आणि लहान मुलांचा खोकला हटत नाही. ज्या घरात बायका दिवसाचा बराच वेळ आत असतात, त्या घराला याची झळ जास्त बसते.

दुसरे कारण आग. हाताने उभारायच्या शिडीची पोहोच तीन-चार मजल्यांच्या आसपास संपते. त्यापुढे यंत्राची शिडी लागते आणि ती गाडी वळवायला रुंद रस्ता लागतो. राष्ट्रीय इमारत संहितेने १५ मीटर आणि त्याहून उंच इमारतीला 'उंच इमारत' मानले आहे, त्यामागे हाच हिशेब आहे. १५ मीटर म्हणजे सुमारे ४९ फूट, साधारण पाच मजले. आगीची किंमत नगरकरांना नव्याने सांगायला नको. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्णांचा जीव गेला. तेथे उंचीचा प्रश्न नव्हता. पण धुरात अडकलेल्या माणसाला बाहेर काढायला किती कमी वेळ मिळतो, हे त्या दिवशी साऱ्या शहराने पाहिले. ज्या गल्लीत अग्निशमन दलाची गाडीच वळत नाही, तेथे चौथ्या मजल्यावर स्वयंपाकाचा गॅस पेटला तर काय होईल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

तिसरे कारण पाणी आणि सांडपाणी. नगर शहराला पाणी मुळा धरणातून येते. ज्या गल्लीत वीस घरांच्या हिशेबाने जलवाहिनी टाकली, तेथे साठ कुटुंबे राहू लागली की खालच्यांच्या मोटारी वरच्यांच्या वाट्याचे पाणी ओढतात आणि वरचे टँकर मागवतात. ड्रेनेजचेही तसेच. पाऊस पडला की तुंबलेले पाणी तळमजल्याच्या मोरीतून वर येते, आणि तेव्हा वरच्या मजल्यांचा दोष खालचे कुटुंब भोगते.

चौथे कारण जमीन. आपल्या भागात अनेक ठिकाणी काळी माती आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया खाली मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला नसेल, तर इमारत दरवर्षी थोडी थोडी हलत राहते. दोन मजल्यांसाठी घेतलेल्या खांबांवर चौथा मजला चढवला की लगेच काही होत नाही. फसगत इथेच आहे. पहिली पाच वर्षे सारे ठीक दिसते.

नियम काय सांगतो?

पूर्वी राज्यात प्रत्येक शहराची बांधकाम नियमावली वेगळी होती. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने बृहन्मुंबई आणि काही मोजके प्रदेश वगळून साऱ्या महाराष्ट्रासाठी 'एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली' लागू केली. लोक तिला 'युडीसीपीआर' या नावाने ओळखतात. नगर महापालिकेच्या हद्दीतही तीच चालते. तिचा मूळ आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे.

निवासी विभागात अमुकच मजले, अशी एक सरळ रेघ ही नियमावली ओढत नाही. उंची तीन बाजूंनी बांधलेली असते.

पहिली बाजू चटई क्षेत्र निर्देशांकाची, म्हणजे एफएसआयची. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, ते हा आकडा सांगतो. दाट वस्तीबाहेरच्या निवासी भूखंडाला मूळ निर्देशांक १.१ आहे. अधिमूल्य भरून किंवा टीडीआर विकत घेऊन तो वाढवता येतो, पण समोरचा रस्ता जितका रुंद तितकीच वाढ मिळते. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ निर्देशांकावरच भागवावे लागते. याखेरीज जिना, बाल्कनी, पॅसेज अशा पूरक बांधकामासाठी निवासी इमारतीत ६० टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र अधिमूल्य भरून मिळते.

हिशेब करून पाहू. दोन गुंठे म्हणजे सुमारे २०२ चौरस मीटर. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा कमी आहे. १.१ ने गुणले तर २२२ चौरस मीटर, त्यात ६० टक्के पूरक क्षेत्र धरले तर सुमारे ३५६ चौरस मीटर. चारी बाजूंनी मोकळी जागा सोडून एका मजल्यावर ११० चौरस मीटर बांधकाम बसते असे समजा. म्हणजे तीन मजले होऊन थोडे उरते. पाचवा मजला नियमात कसा बसतो, हे सांगणाऱ्या मिस्त्रीला हा गुणाकार करून दाखवायला सांगावे. जुन्या गावठाणातील दाट वस्तीला वेगळे कोष्टक आहे, तेथील आकडा नगररचना विभागाकडूनच तपासून घ्यावा.

दुसरी बाजू सामासिक अंतराची, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या जागेची. १५ मीटरपर्यंतच्या इमारतीला भूखंडाच्या आकाराप्रमाणे कमी अंतर चालते. त्याहून उंच गेले की बाजूला आणि मागे उंचीच्या एक पंचमांश जागा मोकळी ठेवावी लागते. उंची २० मीटर धरली तर प्रत्येक बाजूला ४ मीटर. आता तुमचा भूखंड १२ मीटर, म्हणजे ४० फूट रुंद असेल, तर दोन्ही बाजूंचे मिळून ८ मीटर गेले आणि इमारतीला उरले ४ मीटर. तेरा फूट रुंदीची इमारत कोण बांधणार? छोट्या भूखंडावर उंच इमारत बसतच नाही, असे नियमावली कोठे म्हणत नाही. भूमितीच ते सांगते.

तिसरी बाजू सुरक्षिततेची. १५ मीटरच्या वर गेले की लिफ्ट बंधनकारक होते. २४ मीटर ओलांडले की अग्निशमन विभागाच्या अटी आणखी कडक होतात: रुंद रस्ता, गाडी फिरेल एवढे आवार, पाण्याच्या टाक्या, एकापेक्षा जास्त लिफ्ट. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे ज्या इमारतींना आगरोधक यंत्रणा लागू आहे, तेथे ती चालू असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यायचे असते. आपल्या इमारतीत ते शेवटचे कधी दिले गेले, हे सोसायटीच्या बैठकीत एकदा विचारून पाहावे.

लहान घर बांधणाऱ्याला नियमावलीने सवलतही दिली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर ठरावीक मर्यादेतील घराला नेहमीची परवानगी प्रक्रिया नाही. परवानाधारक तंत्रज्ञाने केलेला नकाशा आणि शुल्क दाखल करून पोच घेतली की पुरते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. "परवानगीला वर्ष जाते, म्हणून तशीच बांधली" ही सबब लहान घरासाठी आता टिकत नाही.

नगरचे दोन वेगळे नियम

निजामशाहीची राजधानी असलेल्या या शहरात उंचीला आणखी दोन कुंपणे आहेत. ती घर घेईपर्यंत अनेकांना माहीतच नसतात.

दमडी मशीद, बाग रौजा, शहा डोंगरावरचा सलाबतखानाचा मकबरा (ज्याला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात) अशा वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम करता येत नाही. जुन्या घराची दुरुस्ती करायची तरी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यापुढील २०० मीटरमध्ये बांधकाम करता येते, पण त्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीवरून परवानगी घ्यावी लागते आणि इमारतीची उंची त्यात पाहिली जाते. महापालिकेने नकाशा मंजूर केला म्हणून ही परवानगी मिळाली असे होत नाही.

स्मारकाजवळ राहणाऱ्या कुटुंबांना हा नियम जाचक वाटतो, आणि त्यांची अडचण खरी आहे. वडिलोपार्जित घर आहे, कुटुंब वाढले आहे, पण वर एक वीट ठेवता येत नाही. तरी दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. दमडी मशिदीचे कोरीव दगडकाम किंवा बाग रौजाचा घुमट चार बाजूंनी पाच-पाच मजल्यांत कोंडला गेला, तर आपल्याच पूर्वजांची निशाणी आपल्याच हातांनी झाकली जाईल. सलाबतखानाचा मकबरा दुरून दिसतो, म्हणूनच नगरच्या वाटेवरचा प्रवासी "आले नगर" म्हणतो.

दुसरे कुंपण लष्कराचे. नगर हे चिलखती दलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे. भिंगारचा भाग छावणी परिषदेच्या अखत्यारीत राहिलेला असून तेथील बांधकामाचे नियम महापालिकेपेक्षा वेगळे आहेत. लष्करी हद्दीला लागून असलेल्या खासगी जमिनीवरही ठरावीक अंतरापर्यंत बांधकामाला आणि उंचीला निर्बंध असतात. ही अंतरे संरक्षण मंत्रालयाच्या परिपत्रकांनी वेळोवेळी बदलली आहेत. तेव्हा भिंगार, आलमगीर, नागरदेवळे या बाजूला जागा घेणाऱ्याने ना-हरकत प्रमाणपत्राची चौकशी व्यवहाराआधी करावी.

किंमत कोण मोजतो?

४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे लकी कंपाउंडमधील एक अनधिकृत इमारत कोसळली. बांधकाम चालू असतानाच वरचे मजले झपाट्याने चढवले जात होते आणि खालच्या मजल्यांवर माणसे राहायला आली होती. ७४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत मजूर होते, स्त्रिया होत्या, मुले होती. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची पाच मजली तारिक गार्डन ही इमारत पत्त्यांसारखी खाली आली आणि १६ जण गेले. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती.

इमारत उभी राहिली तरी घर राहतेच असे नाही. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये परवानगी पाच-सहा मजल्यांची होती आणि एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली. ऐंशीच्या दशकात लोकांनी पैसे भरून फ्लॅट घेतले, संसार थाटले, मुलांची लग्ने केली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत मजल्यांना दिलासा नाकारला आणि २०१४ च्या जूनमध्ये वरच्या फ्लॅटची वीज, पाणी, गॅस तोडायला महापालिकेचे पथक दारात आले. नोएडातील सुपरटेकचे सुमारे शंभर मीटर उंच जुळे मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी स्फोटकांनी पाडले गेले. दोन इमारतींत सोडायचे किमान अंतर आणि आधीच्या रहिवाशांची संमती, या दोन गोष्टी तेथे डावलल्या गेल्या होत्या. गल्लीतल्या चौथ्या मजल्याचा आणि त्या मनोऱ्यांचा आकार वेगळा असला तरी चूक एकाच जातीची आहे.

शेजाऱ्याचा हक्क

उंचीचा वाद आपल्याकडे आधी शेजाऱ्याशी होतो, महापालिकेशी नंतर. "माझी जागा, मी कितीही चढवीन" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. इस्लामी फिक्हने या वाक्याचा विचार फार पूर्वी केला आहे. स्वतःचे नुकसान करून घेऊ नये आणि दुसऱ्याचे करू नये, हे त्याचे मूळ सूत्र. एकोणिसाव्या शतकात, १८६९ ते १८७६ या काळात, उस्मानी राज्यात हनफी फिक्हवर आधारलेली 'मजल्ला' नावाची दिवाणी संहिता तयार झाली. तिने मालकाला स्वतःच्या जागेत भिंत हवी तितकी उंच करण्याची मुभा दिली, पण शेजाऱ्याला मोठी इजा होऊ नये ही अट घातली. मोठी इजा कशाला म्हणायचे तेही स्पष्ट केले. शेजाऱ्याची नुसती मोकळी दृष्टी अडली तर ती मोठी इजा नाही. त्याच्या खोलीचा उजेड पूर्ण बंद झाला तर ती आहे. आणि जेथे घरातील स्त्रियांचा वावर असतो त्या अंगणावर, स्वयंपाकाच्या जागेवर किंवा विहिरीवर नवी खिडकी नजर टाकत असेल, तर तीही मोठी इजा.

आपल्या देशाच्या कायद्यातही याचे पडसाद आहेत. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याप्रमाणे इमारतीला सलग वीस वर्षे निर्वेध मिळालेला उजेड आणि हवा यांवर हक्क निर्माण होऊ शकतो. शेजाऱ्याच्या खासगीपणावर आक्रमण करणारी नवी खिडकी उघडायची नाही असा एखाद्या शहराचा रिवाज असेल, तर तो रिवाज मानला जाईल, असे उदाहरणही त्याच कायद्यात दिले आहे.

तेव्हा मजला चढवण्याआधी शेजाऱ्याच्या दारात जाऊन त्याला नकाशा दाखवावा. खिडकी कोठे येणार, गच्चीचा कठडा किती उंच राहणार, पावसाचे पाणी कोठे पडणार, हे त्याला सांगावे. कठडा पुरेसा उंच केला आणि खिडकी दोन फूट सरकवली तर वीस वर्षांचा अबोला टळतो.

पण राहायचे कुठे?

येथे एक न्याय्य प्रश्न उरतो. नियम सांगणे सोपे आहे, पण वाढलेल्या कुटुंबाने जावे कोठे? शहरात जागेचे भाव आवाक्याबाहेर गेले आहेत. काही सोसायट्यांत आपले आडनाव ऐकून फ्लॅट "आत्ताच गेला" असे सांगितले जाते, हा अनुभवही अनेकांच्या गाठीशी आहे. मग मशीद, मदरसा, नातेवाईक आणि रोजगार जेथे आहे त्याच वस्तीत माणूस वर चढत जातो. दाट वस्तीत रस्ते अरुंद म्हणून निर्देशांक कमी, आणि निर्देशांक कमी म्हणून बांधकाम अनधिकृत, असे हे चक्र आहे. उंचीवर फार आखूड मर्यादा घातल्या तर घरे कमी होतात आणि महाग होतात, असे म्हणणाऱ्या नगररचनाकारांचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही.

उंच राहणे आपल्या परंपरेला परकेही नाही. येमेनमधील शिबाम या शहरात मातीच्या विटांचे सात-सात, आठ-आठ मजल्यांचे वाडे सोळाव्या शतकापासून उभे आहेत. १९८२ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण ती घरे पिढ्यानपिढ्या दरवर्षीच्या डागडुजीवर टिकली. आपल्याकडे नेमके तेच राहून जाते.

यावर वाट आहे आणि ती एकट्याने चालायची नाही. दोन-दोन गुंठ्यांचे तीन-चार शेजारी एकत्र आले, भूखंड एकत्र केले आणि रस्त्यासाठी थोडी जागा सोडली, तर त्याच जमिनीवर लिफ्ट, पार्किंग आणि मोकळ्या हवेसह अधिकृत मजले मिळू शकतात. एकेकट्या भूखंडाला न मिळणारी उंची एकत्रित भूखंडाला मिळते. भावाभावांत आणि शेजाऱ्यांत विश्वास असेल तरच हे जमते. मोहल्ल्याच्या बैठकीत या विषयाला एक संध्याकाळ द्यायला हरकत नाही.

ज्यांच्या जागा गुंठेवारीच्या आहेत, त्यांनीही हात टेकू नयेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्यातील मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे शुल्क भरून नियमित करण्याची सोय झाली आहे. मात्र नियमात बसत नाही असा मजला पैसे भरूनही नियमित होत नाही.

फ्लॅट घेताना, मजला चढवताना

आमच्या मते प्रत्येक कुटुंबाने एवढे तरी पाहावे.

• मंजूर नकाशा स्वतः पाहा आणि मजले मोजा. नकाशावर तीन आणि जागेवर पाच असतील, तर चौथा-पाचवा स्वस्त का मिळतो ते कळेल.

• भोगवटा प्रमाणपत्र मागा. घरपट्टीची पावती आणि वीजबिल म्हणजे परवानगी नव्हे. अनधिकृत बांधकामावर महापालिका कर घेते, दंडाची शास्तीही घेते, पण त्यामुळे बांधकाम अधिकृत होत नाही. भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्यावरच बँकांनी कर्ज द्यावे आणि वीज-पाण्याच्या जोडण्या मिळाव्यात, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी दिले आहेत. म्हणजे असा फ्लॅट पुढे विकणेही अवघड होत जाणार.

• महारेराची नोंदणी आहे का विचारा. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या इमारतींना ही नोंदणी सक्तीची नाही. आपल्या मोहल्ल्यांतील बहुतेक इमारती पाच गुंठ्यांच्या आतल्याच असतात. तेथे कागद तपासण्याची जबाबदारी खरेदीदाराच्याच खांद्यावर आहे. त्यासाठी वकिलाला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

• गच्ची कोणाची, हे करारात लिहून घ्या. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी फ्लॅट कायद्याप्रमाणे नकाशा दाखवून फ्लॅट विकल्यावर बांधणाऱ्याला फ्लॅटधारकांच्या पूर्वसंमतीशिवाय वर जादा बांधकाम करता येत नाही.

• जुन्या घरावर मजला चढवायचा असेल तर आधी संरचना अभियंत्याकडून पाया आणि खांब तपासून लेखी अहवाल घ्या. मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी त्याचा अंदाज हा अहवाल नव्हे.

• जिना निदान चार फूट रुंद ठेवा आणि वळणावर जागा सोडा. घरात आजारी माणूस असतो, स्ट्रेचर उतरवावे लागते. आणि एक ना एक दिवस याच जिन्यावरून जनाजाही उतरायचा असतो. अरुंद जिन्यावर मय्यत दोरीने बांधून उतरवण्याची वेळ कोणत्याही कुटुंबावर येऊ नये.

नोटीस आलीच तर

अनधिकृत मजल्यासाठी १९६६ च्या कायद्याखाली नोटीस येऊ शकते. तो पाडता येतो आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूदही त्या कायद्यात आहे. पण घाबरून दलालाच्या हाती पैसे देऊ नयेत. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी घरे पाडण्याबाबत देशभर लागू होणारी कार्यपद्धती घालून दिली आहे. कारणे दाखवा नोटीस नोंदणीकृत टपालाने यायला हवी आणि घरावरही लावायला हवी. उत्तराला किमान पंधरा दिवस मिळायला हवेत. समक्ष सुनावणी व्हायला हवी. अंतिम आदेश कारणांसह हवा आणि त्यानंतरही अपिलासाठी किंवा स्वतः बांधकाम काढून घेण्यासाठी पंधरा दिवस मिळायला हवेत. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदीपात्र यांवरील बांधकामांना आणि न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या कारवाईला हे संरक्षण नाही.

म्हणून नोटिशीची तारीख लिहून ठेवावी, लेखी उत्तर मुदतीत द्यावे आणि पोच घ्यावी. जेवढे नियमात बसते तेवढे नियमित करण्याचा अर्ज त्याच वेळी करावा. ज्याचे कागद नीट आहेत त्याला न्यायालयात उभे राहता येते. ज्याच्याकडे कागदच नाहीत त्याची बाजू कितीही खरी असली तरी ती सिद्ध करता येत नाही.

वाटणी आधी, स्लॅब नंतर

शेवटी घरातल्याच एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. वडिलांच्या जागेवर प्रत्येक भाऊ आपल्या पैशाने एकेक मजला चढवतो. वडील हयात असेतो सारे गोड असते. ते गेल्यावर प्रश्न निघतो: जमीन कोणाची, मजला कोणाचा? बहिणींचा वाटा जमिनीत आहे, पण त्या जमिनीवर भावांचे तीन संसार उभे आहेत. मजला अनधिकृत असेल तर त्याची किंमतही कागदावर धरता येत नाही आणि बहिणीला तिचा हिस्सा रोखीने द्यायला बँक कर्ज देत नाही. मग बहिणीला "तू माफ कर" म्हटले जाते आणि तिचा शरीअतने दिलेला हक्क सिमेंटखाली गाडला जातो.

म्हणून नवा मजला चढवण्याआधी वडिलांच्या हयातीत, सर्व भाऊ-बहिणींच्या समोर, कोणी किती पैसा घातला आणि जमिनीत कोणाचा किती हिस्सा आहे, हे लिहून घ्यावे. सह्या घ्याव्यात आणि गरज असेल तेथे नोंदणी करावी. अभियंत्याचा अहवाल, मंजूर नकाशा, शेजाऱ्याशी झालेले बोलणे आणि वाटणीचा कागद एकाच फायलीत ठेवावे. ही फाईल तयार झाली की वाळूची गाडी बोलवायला हरकत नाही.